फिरत्या घराची वीज

प्रास्ताविक

घर म्हटले की एका जागी उभी असलेली वास्तू डोळ्यांसमोर येते. त्या घराला वीज मिळते ती रस्त्यावरच्या खांबावरून किंवा जमिनीखालच्या तारेतून. पण घरच चाकांवर असेल आणि मुक्कामाच्या जागी खांब नसेल, तारही नसेल, तर वीज आणायची कोठून? स्वयंपाकघर, शयनकक्ष आणि स्नानगृह यांसह रस्त्यावरून धावणारी लक्षावधी वाहने अमेरिकेत आहेत. त्यांपैकी अनेकांच्या पोटातच वीज निर्माण करणारे यंत्र, म्हणजेच जनित्र, बसवलेले असते. हे यंत्र जितके सोयीचे, तितकेच निष्काळजीपणे वापरल्यास जीवघेणेही ठरते. या पाठात त्या यंत्राची रचना, त्याच्या वापराची रीत आणि त्यासोबत येणारी जबाबदारी यांची माहिती दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• फिरत्या घरातील विजेचे तीन स्रोत सांगता येतील;
• जनित्रावरील भाराचा हिशेब मांडता येईल;
• कार्बन मोनॉक्साइड या वायूचा धोका आणि त्यावरील उपाय स्पष्ट करता येतील;
• सार्वजनिक ठिकाणी जनित्र वापरण्याच्या नियमांमागील कारणे सांगता येतील;
• सूचनापर लेखनातील विध्यर्थी क्रियापदे ओळखून वापरता येतील.

१७.१ मूळ पाठ

(अ) चाकांवरचे घर

अमेरिकेत या वाहनांना 'आर. व्ही.' या संक्षिप्त नावाने ओळखतात. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. स्वतःचे इंजिन असलेले ते 'मोटरहोम' आणि दुसऱ्या गाडीमागे जोडून ओढले जाणारे ते 'ट्रेलर'. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या छोट्या गावी विनेबागो या कंपनीने १९६६ मध्ये मोटरहोम तयार करण्यास आरंभ केला. पुढे ही वाहने मध्यमवर्गीय कुटुंबांच्याही आवाक्यात आली. सुटीत भटकंती करणारी कुटुंबे आणि निवृत्तीनंतर वर्षातील अनेक महिने प्रवासात घालवणारी वृद्ध जोडपी या वाहनांचा वापर करतात.

अशा घरात वीज तीन मार्गांनी येते. पहिला मार्ग बॅटरीचा. दिवे, पाण्याचा पंप आणि छोटे पंखे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. दुसरा मार्ग मुक्कामाच्या तळावरील खांबाचा. वाहनाची जाड केबल तेथील पेटीत जोडली की घरच्याप्रमाणे १२० व्होल्टची वीज मिळते. या विजेला अमेरिकेत 'शोअर पॉवर', म्हणजे किनाऱ्यावरची वीज, असे म्हणतात. धक्क्याला लागलेले जहाज किनाऱ्यावरून वीज घेते, त्यावरून हा शब्द रस्त्यावरच्या वाहनांसाठीही रूढ झाला. ३० अँपिअरच्या जोडणीतून जास्तीत जास्त ३,६०० वॉट, तर दोन तारांच्या ५० अँपिअरच्या जोडणीतून १२,००० वॉट वीज घेता येते.

परंतु जंगलात, वाळवंटात किंवा महामार्गाच्या कडेला खांब नसतो. बॅटरीवर दिवे लागतात. मात्र छतावरचे वातानुकूलन यंत्र साध्या बॅटरीवर फार काळ चालत नाही. अशा वेळी तिसरा मार्ग उपयोगी पडतो. तो मार्ग अंगभूत जनित्राचा.

(आ) जनित्राचे कार्य

जनित्राचे दोन भाग असतात. एक इंजिन आणि त्याला जोडलेला विद्युत्‌निर्मितीचा भाग. इंधन जळते, इंजिन फिरते आणि त्याबरोबर चुंबकीय क्षेत्र व तारांची वेटोळी एकमेकांसापेक्ष फिरून वीज निर्माण होते. अमेरिकेत विजेची वारंवारता सेकंदाला ६० आवर्तने इतकी आहे. दोन ध्रुवांच्या जनित्राचा एक फेरा म्हणजे एक आवर्तन. म्हणून असे जनित्र मिनिटाला ३,६०० फेरे घेते. भारतात वारंवारता ५० आवर्तने असल्याने तशाच जनित्राला ३,००० फेरे पुरतात. नव्या 'इन्व्हर्टर' प्रकारच्या जनित्रांत भार कमी असताना इंजिनाचा वेगही कमी होतो, त्यामुळे आवाज आणि इंधन या दोहोंची बचत होते.

मोटरहोममधील जनित्र बहुधा वाहनाच्याच मुख्य टाकीतून पेट्रोल किंवा डिझेल घेते. येथे एक साधी पण दूरदृष्टीची योजना केलेली असते. जनित्राची नळी टाकीच्या तळापर्यंत नेत नाहीत. टाकी साधारण एक चतुर्थांश उरली की तिला इंधन मिळणे थांबते. रात्रभर जनित्र चालले, तरी सकाळी पेट्रोल पंपापर्यंत पोहोचण्यापुरते इंधन शिल्लक राहावे, हा त्यामागचा हेतू. ट्रेलरमध्ये अनेकदा स्वयंपाकाच्या गॅसवर, म्हणजे प्रोपेनवर, चालणारे जनित्र असते.

या जनित्रांत 'ओनान' हे नाव अमेरिकेत सर्वांत परिचित आहे. मिनिआपोलिस येथे १९२० मध्ये सुरू झालेला हा उद्योग पुढे कमिन्स या कंपनीत विलीन झाला. याच कमिन्सने किर्लोस्कर समूहाच्या साहचर्याने १९६२ मध्ये पुण्यात डिझेल इंजिनांचा उद्योग उभारला, ही मराठी वाचकाला जवळची वाटणारी गोष्ट होय.

पाठगत प्रश्न १

योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
१. फिरत्या घरातील दिवे आणि पाण्याचा पंप ______ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. (१२ / १२० / २३०)
२. 'शोअर पॉवर' हा शब्द ______ वरून रूढ झाला. (विमाना / जहाजा / रेल्वे)
३. टाकीत साधारण ______ इंधन उरले की जनित्राला इंधन मिळणे थांबते. (अर्धे / एक तृतीयांश / एक चतुर्थांश)

(इ) भाराचा हिशेब

जनित्राची शक्ती मर्यादित असते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. मध्यम आकाराच्या मोटरहोममध्ये ४,००० वॉटचे जनित्र सर्रास आढळते. छतावरचे एक वातानुकूलन यंत्र चालताना सुमारे १,५०० वॉट वीज घेते. मायक्रोवेव्ह भट्टीलाही जवळपास तेवढीच वीज लागते आणि कॉफीचे यंत्र १,००० वॉटच्या आसपास घेते. आता हिशेब मांडून पाहा. दोन वातानुकूलन यंत्रांचे ३,००० वॉट आणि मायक्रोवेव्हचे १,५०० वॉट मिळून ४,५०० वॉट होतात. जनित्राच्या शक्तीपेक्षा भार वाढला की सर्किट ब्रेकर पडतो आणि घरात अंधार होतो. शिवाय वातानुकूलन यंत्राचा काँप्रेसर सुरू होण्याच्या क्षणी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वीज ओढतो. म्हणून अशी उपकरणे एकदम सुरू न करता एकामागून एक सुरू करावीत. भट्टीत अन्न गरम करायचे असेल, तर तेवढा वेळ एक वातानुकूलन यंत्र बंद ठेवावे.

डोंगराळ प्रदेशात हा हिशेब आणखी बदलतो. उंचीवर हवा विरळ असते. इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो. दर ३०० मीटर उंचीमागे जनित्राची शक्ती साधारणपणे साडेतीन टक्क्यांनी घटते. कोलोरॅडोच्या पर्वतराजीत ३,००० मीटर उंचीवर मुक्काम केला, तर ४,००० वॉटच्या जनित्राची सुमारे एक तृतीयांश शक्ती गेलेली असते. समुद्रसपाटीवर सहज पेलणारा भार तेथे पेलत नाही. हा यंत्रातील दोष नसून हवेचा गुणधर्म आहे.

(ई) सुरू करण्याची आणि थांबवण्याची रीत

जनित्र सुरू करण्यापूर्वी तेलाची पातळी पाहावी. धूर बाहेर सोडणारी नळी वाकलेली, तुटलेली किंवा सैल झालेली नाही ना, याची खात्री करून घ्यावी. खडबडीत रस्त्यावर वाहनाचा तळ दगडाला घासला असेल, तर ही तपासणी अधिकच आवश्यक ठरते. मोठी उपकरणे बंद ठेवून जनित्र सुरू करावे. काही मिनिटे ते मोकळे चालू द्यावे आणि मगच त्यावर भार टाकावा. थांबवतानाही याच रीतीने, परंतु उलट क्रमाने वागावे. आधी भार काढावा, यंत्र काही मिनिटे थंड होऊ द्यावे, मग ते बंद करावे.

खांबावरची वीज आणि जनित्राची वीज एकाच वेळी वाहनात येऊ नयेत, यासाठी बदल-कळ बसवलेली असते. एक मार्ग जोडला की दुसरा तुटतो. दोन्ही वीजप्रवाह एकमेकांना भिडले, तर यंत्र जळू शकते आणि तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावरही बेतू शकते. म्हणून या कळेला वगळून परस्पर जोडणी कधीही करू नये.

(उ) रंग नाही, गंध नाही

आता पाठातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. पेट्रोल, डिझेल किंवा गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, गंध नसतो, चवही नसते. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू शरीरभर पोहोचवते. परंतु कार्बन मोनॉक्साइडशी ते प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडले जाते. परिणामी माणूस श्वास घेत असतो, तरी शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखणे, चक्कर येणे, मळमळणे, अशक्तपणा वाटणे ही पहिली लक्षणे होत. ती प्रवासाच्या थकव्यासारखी किंवा अपचनासारखी भासतात, आणि तेथेच फसगत होते. झोपलेल्या माणसाला तर ही लक्षणे जाणवतही नाहीत. आग वगळता अन्य कारणांनी होणाऱ्या या विषबाधेने अमेरिकेत दरवर्षी चारशेहून अधिक माणसे दगावतात.

हा धोका दूरदेशापुरता नाही. भारतातही आता पर्यटनासाठी आणि कामासाठी अशी वाहने वापरली जातात. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत आढळले. कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी नंतर चाचणी घेतली. जनित्रातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वाहनाच्या तळातील छिद्रावाटे आत शिरत होता, असे तीत दिसून आले. ना स्फोट झाला, ना आग लागली. तळातील एक छिद्र दोन जिवांना पुरले.

यावरून सुरक्षिततेचे नियम सहज समजतात. जनित्राचा कप्पा आणि राहण्याची जागा यांच्यामध्ये एकही फट राहू देऊ नये. तळाला नवे छिद्र पाडले, तर ते त्वरित बुजवावे. भिंतीला लागून, उंच गवतात किंवा साचलेल्या बर्फात वाहन उभे करून जनित्र चालवू नये, कारण धूर बाहेर न जाता वाहनाखालीच कोंडतो. वाळलेल्या गवताला तापलेल्या नळीने आग लागण्याचे भयही असते. धुराच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जनित्र चालू ठेवून झोपू नये. काही वाहनांत बॅटरी उतरली की जनित्र आपोआप सुरू होण्याची सोय असते. झोपण्यापूर्वी, तसेच वाहन बंदिस्त जागेत ठेवताना ही सोय आठवणीने बंद करावी.

माणसाच्या इंद्रियांना न कळणारा हा वायू ओळखण्यासाठी सूचक यंत्र मिळते. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या ११९२ क्रमांकाच्या मानकात अशा वाहनांसाठी ते आवश्यक मानले आहे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ७० भाग असतील, तर तेथील प्रमाणित सूचक एक ते चार तासांत आणि ४०० भाग असतील, तर ४ ते १५ मिनिटांत गजर करतो. गजर झाला की कारण शोधत बसू नये. सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे, शक्य असल्यास जनित्र बंद करावे आणि वैद्यकीय मदत बोलवावी. या सूचकाचेही आयुष्य ठरलेले असते. त्यावर छापलेली मुदत संपताच, तो चालू दिसत असला तरी, बदलावा.

(ऊ) शेजाऱ्याची शांतता

ॲरिझोना राज्यातील क्वार्टझसाइट हे वाळवंटातील छोटे गाव. उत्तरेकडील कडाक्याच्या थंडीपासून दूर राहण्यासाठी दर हिवाळ्यात तेथे हजारो फिरती घरे येऊन उभी राहतात. या पाहुण्यांना 'स्नोबर्ड', म्हणजे हिमपक्षी, असे गमतीने म्हणतात. गावाजवळील सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना घेऊन दीर्घ मुक्काम करता येतो. तेथे वाहनांना विजेची जोडणी मिळत नाही. बॅटरी भरण्यासाठी कोणी सौरपट्ट्या वापरतो, तर कोणी जनित्र.

वाळवंटात आवाज दूरवर जातो. एकाचे जनित्र म्हणजे दहा जणांची झोपमोड. म्हणून तेथे रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ शांततेची ठरवलेली आहे आणि जनित्राचा अवाजवी गोंगाट करण्यास मनाई आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतही ५० फुटांवरून मोजलेला यंत्राचा आवाज ६० डेसिबलपेक्षा अधिक असता कामा नये, असा नियम आहे. उद्यानांतील अनेक तळांवर दिवसाच्या ठरावीक वेळीच जनित्र चालवता येते. शिवाय प्रश्न केवळ आवाजाचा नाही. वाहने जवळजवळ उभी असतील, तर एकाचा धूर दुसऱ्याच्या खिडकीतून आत जाऊ शकतो. तेव्हा जनित्र सुरू करण्यापूर्वी वाऱ्याची दिशा आणि शेजारच्या खिडक्या पाहाव्यात.

(ए) निगा

वापरात नसलेले जनित्र बिघडते. पेट्रोल दीर्घकाळ पडून राहिले की त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये साचतो. म्हणून प्रवास नसला, तरी महिन्यातून एकदा सुमारे दोन तास, निम्मा भार टाकून जनित्र चालवावे, असे उत्पादक सांगतात. वेळेवर तेल आणि हवेची गाळणी बदलावी.

अलीकडे सौरपट्ट्या आणि लिथियम बॅटऱ्या यांमुळे काही नव्या वाहनांत जनित्र बसवलेच जात नाही. तरीही ढगाळ दिवशी किंवा उष्ण प्रदेशातील दुपारी जनित्राचा आधार अनेकांना वाटतो. खांबापासून दूर राहण्याचे स्वातंत्र्य ते देते. मात्र वीजकेंद्रात तज्ज्ञांनी सांभाळायच्या गोष्टी ते घरातील माणसावर सोपवते. इंधन, भार, धूर आणि आवाज या चारही गोष्टींचा सांभाळ त्यालाच करावा लागतो.

पाठगत प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. डोंगराळ प्रदेशात जनित्राची शक्ती का घटते?
२. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची कोणतीही दोन लक्षणे सांगा.
३. क्वार्टझसाइट येथील शांततेची वेळ कोणती?

१७.२ शब्दार्थ

अंगभूत – मूळ रचनेतच असलेले
वारंवारता – एका सेकंदात होणाऱ्या आवर्तनांची संख्या
भार – एका वेळी वापरल्या जाणाऱ्या विजेचे एकूण मान
बदल-कळ – एक वीजमार्ग तोडून दुसरा जोडणारी कळ
सूचक – धोक्याची सूचना देणारे यंत्र

१७.३ भाषाविचार

'जनित्र' हा शब्द 'जन्' (उत्पन्न होणे) या संस्कृत धातूला 'इत्र' हा प्रत्यय लागून सिद्ध झाला आहे. हा प्रत्यय बहुधा साधन दाखवतो. 'खन्' (खणणे) या धातूपासून 'खनित्र', म्हणजे खणण्याचे साधन, हा शब्द असाच बनला आहे.

पुढील दोन वाक्ये पाहा.
• जनित्र चालू ठेवून झोपू नका.
• झोपण्यापूर्वी जनित्र बंद करावे.

पहिल्या वाक्यात समोरच्या व्यक्तीला थेट आज्ञा आहे. ते आज्ञार्थी वाक्य होय. दुसऱ्या वाक्यात 'करावे' या क्रियापदातून कर्तव्य व्यक्त होते. ते विध्यर्थी वाक्य होय. विध्यर्थी क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. उदाहरणार्थ, भार काढावा, खिडकी लावावी, जनित्र बंद करावे, खिडक्या बंद ठेवाव्यात. माहितीपर लेखनात सूचना देताना विध्यर्थाचा वापर केल्यास भाषा सौम्य राहते आणि सूचनेचे महत्त्वही कमी होत नाही.

१७.४ तुम्ही काय शिकलात?

• फिरत्या घराला बॅटरी, खांबावरची जोडणी आणि जनित्र या तीन मार्गांनी वीज मिळते.
• उपकरणांच्या वॉटची बेरीज जनित्राच्या शक्तीपेक्षा अधिक होऊ देऊ नये. उंचीवर ही शक्ती घटते.
• कार्बन मोनॉक्साइड इंद्रियांना कळत नाही. म्हणून निर्दोष कप्पा, मोकळी जागा आणि चालू स्थितीतील सूचक या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत.
• जनित्र चालू ठेवून झोपणे धोक्याचे आहे.
• सार्वजनिक तळावर शेजाऱ्याची शांतता आणि त्याची हवा जपणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे.

१७.५ पाठान्त प्रश्न

१. टाकीतील जनित्राची नळी तळापर्यंत न नेण्यामागील हेतू स्पष्ट करा.
२. एका वाहनात ४,००० वॉटचे जनित्र आहे. १,५०० वॉटची दोन वातानुकूलन यंत्रे चालू असताना १,००० वॉटचे कॉफीचे यंत्र आणि १,५०० वॉटची मायक्रोवेव्ह भट्टी एकाच वेळी सुरू केल्यास काय होईल? अशा वेळी तुम्ही कोणता क्रम सुचवाल?
३. 'तळातील एक छिद्र दोन जिवांना पुरले' या विधानाचा आशय पाठाच्या आधारे सात-आठ ओळींत लिहा.
४. जनित्र वापरताना शेजाऱ्याचा विचार का करावा? दोन कारणे द्या.
५. पुढील आज्ञार्थी वाक्यांचे विध्यर्थी वाक्यांत रूपांतर करा.
(अ) तेलाची पातळी पाहा. (आ) जुना सूचक बदला. (इ) दारे उघडा.

उपक्रम

तुमच्या परिसरातील इमारत, दवाखाना किंवा मंगल कार्यालय येथील जनित्र बाहेरून पाहा. ते कोठे ठेवले आहे, धुराची नळी कोणत्या दिशेला आहे आणि जवळ कोणाच्या खिडक्या आहेत, याची नोंद करा. त्या नोंदीच्या आधारे पाच विध्यर्थी वाक्यांचा सूचनाफलक तयार करा.

१७.६ पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : १. १२ २. जहाजा ३. एक चतुर्थांश
पाठगत प्रश्न २ : १. उंचीवर हवा विरळ असल्याने इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, म्हणून शक्ती घटते. २. डोके दुखणे, चक्कर येणे, मळमळणे, अशक्तपणा वाटणे (यांपैकी कोणतीही दोन). ३. तेथील शांततेची वेळ रात्री १० ते सकाळी ६ ही आहे.